श्वासाएवढी जागा

"सबंध गाणं वाजव हां, लोंझो. नुसती ओळींमागची शेपटं नकोत," ओर्फा म्हणाली. समोर तिच्या नवऱ्याची, डेल्बर्टची शवपेटी होती. टेकडीवरच्या दफनभूमीत तंबूखाली माणसं दाटीनं बसली होती.

"ते डेल्बर्टचं गाणं आहे."

"डेल्बर्ट आज यायचा नाही."

लोंझोनं रेझोनेटर गिटार मांडीवर आडवी ठेवली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी होती. तारेवरून पोलादी कांडी सरकली की गिटार माणसासारखी कण्हायची. डेल्बर्टनं ओळ म्हणायची, श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासाएवढ्या जागेत लोंझोनं उत्तर द्यायचं, असा दोघांचा अडतीस वर्षांचा संसार. "हा लोंझो," डेल्बर्ट स्टेजवरून सांगायचा, "मी दम घेईपर्यंत हा गप्प बसतो. हे सुख मला घरी नाही!" नॅशव्हिलच्या मोठ्या स्टुडिओनं बोलावलं, तर लोंझो आठवड्यात घरी केंटकीला परत. "तिथले गायक श्वासच घेत नाहीत," म्हणाला.

तरुणपणी कोळशाच्या खाणीत छातीत भरलेली धूळ पुढे डेल्बर्टला भोवली. त्याचे श्वास लांबले. कुणाला कळू नये म्हणून लोंझोची उत्तरंही लांबली. गेल्या वर्षी तर शेवटची ओळ डेल्बर्ट नुसते ओठ हलवून म्हणायचा. वाजायची ती गिटार. त्याच वर्षी लोंझोला सर्वोत्कृष्ट वादकाचं बक्षीस मिळालं. याचा हात आता कुठे मोकळा झाला, असं परीक्षक म्हणाले. बक्षिसाची ढाल लोंझोनं ट्रकच्या सीटखाली टाकून दिली होती.

त्यानं पहिली ओळ वाजवली. सूर अचूक होते. तो थांबला.

"नाही जमत गं."

ओर्फानं त्याच्याकडे पाहिलं. "बरं. शेपटंच वाजव मग."

त्यानं एका ओळीची जागा मोकळी सोडली आणि उत्तर दिलं. पुन्हा मोकळी जागा, पुन्हा उत्तर. मागची कुजबुज थांबली.

शेवटची ओळ आली. ही तेवढी त्याला सबंध येत होती; वर्षभर तोच ती वाजवत आला होता. त्यानं कांडी तारांवरून उचलली आणि तशीच धरून ठेवली. वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडलं. ओर्फाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते मिटले, तेव्हा त्यानं शेवटचा सूर लावला.