ऊन दाखवलेली रिळं

रिसोडच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि माझी जीभ माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे चालते. विद्यार्थ्यांनी आपल्या भागातला जुना सिनेमा शोधून जपावा, हा प्रकल्प मीच काढला. बहुतेकांनी मोबाइलवरचं काहीबाही उतरवून आणलं. पल्लवीनं मात्र केनवडहून खरी रिळं आणली, पत्र्याचे चार डबे भरून.

केनवडचे भिवाजी टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. शहाऐंशी साली त्यांनी कुठूनसा कॅमेरा मिळवला आणि वस्तीतल्याच माणसांना घेऊन सिनेमा केला. नायिका त्यांची बायको, भागिरथाबाई. फिल्म मुंबईहून धुऊन आली तोवर टॉकीज बंद पडली, पुढे भिवाजीही गेले. भागिरथाबाईंनी तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. डबे देताना त्या पल्लवीला म्हणाल्या होत्या, "मी त्यात कशी दिसतो, तेवढं मले एक डाव दाखव, पोरी. आता डोळे जाऊन राह्यले."

डबे उघडले तर आंबूस वास आला, बिघडलेल्या लोणच्यासारखा. काय करायचं, असं पल्लवीनं विचारलं तेव्हा मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "अगं, जरा ऊन दाखव, जाईल वास." आपल्याकडे डाळीला, गोधड्यांना, सगळ्यालाच ऊन दाखवतात. पोरीनं एप्रिलच्या दुपारी रिळं होस्टेलच्या गच्चीवर पसरली. संध्याकाळी ती पापडासारखी वळली होती आणि हात लावला की तुटत होती.

मी तिला भर वर्गात झापलं. "अक्कल गहाण ठेवली होती का?" ती मान खाली घालून उभी राहिली. 'तुम्हीच सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणालो नाही.

रिळं पुण्याला निताबाई म्हणून जुन्या फिल्मच्या एका जाणकार बाईंकडे पाठवली. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "एकाही रिळावर चित्र उरलेलं नाही, सर. पण हे एका दुपारचं काम नव्हे. वर्षानुवर्षं तापत आलंय ते. मुलांवर रागावू नका."

केनवडच्या बसमध्ये मी पल्लवीला एवढंच सांगितलं, की तुझ्यामुळे नाही बिघडलं. माझी चूक कबूल करायला जीभ रेटली नाही. एरवी हीच जीभ कशी चुरूचुरू चालते! पल्लवी खिडकीकडे तोंड करून रडली. इतके दिवस पोरीला धड जेवण गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"मंग कशानं बिघडलं, सर?"

"कोणास ठाऊक."

भागिरथाबाई पांढरं पातळ नेसून बसल्या होत्या. शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांनाही त्यांनी बोलावलं होतं. आज सिनेमा दिसणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"लावा, सर," त्या म्हणाल्या.

"आजी, रिळं खराब झाली. त्यात काहीच दिसत नाही."

"कशानं?"

"उन्हानं."

"उनानं कायले बिघडन?" त्यांना हसूच आलं. "मी तर दर साली उन दाखवत होती त्याहिले. बुद्धपौर्णिमेच्या पह्यले घर सारवलं का डबे उघडून अंगनात. हे गेले तवापासून एक साल चुकवलं नाई."

वर्षानुवर्षं तापत आलंय, निताबाई म्हणाल्या होत्या. मी पल्लवीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"तसं नाई, आजी," ती घाईघाईनं म्हणाली. "सरांचं बोलनं चुकलं. माह्या हातून पानी सांडलं त्याच्यावर. पुरी बादली."

शेजारणींपैकी एक हळूच उठून गेली.

"तुह्या हवाली केलं होतं व मी," भागिरथाबाई म्हणाल्या. "त्याहिचं तेवढंच होतं माह्याजवळ."

पल्लवीनं त्यांच्या पायांना हात लावला तर त्यांनी पाय आखडून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, ह्या पोरीच्या हातात आता कोनाची वस्तू देऊ नका."

मी तोंड उघडलं. खरं कारण सांगणं शक्यच नव्हतं, पण पाणी माझ्या हातून सांडलं, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. पल्लवी माझ्याकडेच बघत होती.

"नाही देणार," मी म्हणालो.