बर्फाला घाम फुटेपर्यंत

मित्रांनो, मी लस वाहून नेणारा एक जुना निळा डबा आहे. झाकण नीट बसत नाही, पट्टा दोनदा शिवलेला आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

बाहेर रस्ता कितीही तापला तरी माझ्या पोटात गारवा टिकायचा. याचा मला भारी अभिमान होता. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस घेऊन थोरल्या सिस्टर माझ्यासह दारोदार फिरत. निघण्याआधी त्या बर्फाची पाकिटे टेबलावर काढून ठेवत. पाकिटांना घाम फुटला, कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजले, की मगच मला भरत. ही लस गोठली की वाया जाते, हे त्या जाणून होत्या.

त्या निवृत्त झाल्या. नव्या सिस्टर आल्या तेव्हा ऐन उन्हाळा होता. "बर्फाला घाम फुटायची वाट बघू? मला फुटलाय तेवढा पुरे!" असे हसत त्या पाकिटे तशीच आत कोंबत. जितके गार तितके चांगले, असे त्यांना मनापासून वाटे. मलाही वाटे. लशीच्या कुप्या माझ्या पोटात गोठत, पुन्हा वितळत, आणि कुणाच्या लक्षात येत नसे.

त्याच उन्हाळ्यात एक शिंपीणबाई तान्ह्या लेकीला या लशीच्या तिन्ही डोसांसाठी दवाखान्यात घेऊन आली. "झालं गं सोने, एवढंसं तर टोचतंय," म्हणत थोपटायची. माझा तुटलेला पट्टा तिनेच शिवून दिला.

पुढच्या हिवाळ्यात लेकीच्या घशात करडा पडदा धरला. घटसर्प! मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत श्वास थांबला होता. शिंपीण दवाखान्यात येऊन एवढेच म्हणाली, "मी एकही सुई चुकवली नव्हती हो."

मग वरून तपासणी आली, चूक उमगली. आता सिस्टर पाकीट कानाशी धरून बसतात. पाणी वाजून गेले तरी बसूनच राहतात.

शिंपिणीला आता मुलगा झाला आहे. काल आम्ही तिच्या दारी गेलो. आत शिवणयंत्र चालू होते.

"ताई, बाळाला एकदा..."

यंत्र थांबले. "त्या डब्यावर भरवसा ठेवूनच पोर गेली माझी. जा तुम्ही."

यंत्र पुन्हा सुरू झाले. माझ्या पोटातली लस या वेळी अगदी चांगली होती. ती तशीच परत आली.

मित्रांनो, कधी असा डबा तुमच्या हाती आला, तर बर्फाला घाम फुटेपर्यंत थांबा. आम्ही उद्या पुन्हा तिच्याकडे जाणार आहोत. ती दार उघडेल, असे मला वाटत नाही. पट्ट्यावरची तिची शिवण मात्र अजून घट्ट आहे.