बरेनमधली नागपंचमी

आमच्या गुरूचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आयर्लंडशी पटत नाही. पाऊस, थंडी, चार वाजता पडणारा हिवाळ्यातला अंधार, यांपैकी कशाबद्दलही त्याची तक्रार नाही. त्याचं दुखणं एकच. इथे साप नाहीत.

बत्तीस शिराळ्याजवळच्या माणसाशी लग्न करताना मी जरा विचार करायला हवा होता. त्याचं बालपण नागांच्या कौतुकात गेलेलं. मी पुण्याची, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. त्यात लग्नानंतर त्याला नोकरी लागली कुचिंगला, म्हणजे मलेशियाचा जो भाग बोर्निओ बेटावर आहे तिथे, आणि साहेबांचं नशीब फळफळलं. दर रविवारी जंगल. लांब नाकाची माकडं, भलीमोठी चोच मिरवणारे धनेश, चिखलात चालणारे मासे, आणि एकाच फांदीवर दिवसभर वेटोळं करून बसणारे हिरवे साप. आमची भार्गवी चालायला शिकली तीही तिथेच, बापाचं बोट धरून. मी मागून चालायचे, जळवांच्या भीतीने मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, आणि तोंडाने अखंड कुरकुर.

तिथे गुरूने मला एक धडा घोकून घोकून पाठ करायला लावला होता. साप दिसला तर ओरडायचं नाही, पळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, नजर त्याच्यावरून हलवायची नाही आणि हळू आवाजात गुरूला हाक मारायची. तशी वेळ कधी आली नाही, कारण माझ्या आधी साप त्यालाच दिसायचा.

मग मला आयर्लंडमधल्या एनिस गावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. गुरूलाही जवळच्याच शॅननला बरं काम मिळालं. पण दुर्बीण कपाटात गेली ती गेलीच. मी सुचवायचे, समुद्रावर जाऊ, सील दिसतात म्हणे. तो म्हणायचा, जाऊ की. आणि सोफ्यावर बसून कुचिंगचे जुने फोटो बघायचा. जंगलात कुरकुर करणारी मी, आणि आता त्याची सापांवरची व्याख्यानं ऐकायला आसुसलेलीही मीच, अशी माझी गत झाली.

जुलैमध्ये त्याच्या कुचिंगच्या जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं. दोन वर्षांसाठी, एकट्याने. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते; त्यानंतरच्या मंगळवारी हो की नाही ते कळवायचं होतं. त्याने मला ते सांगितलं आणि मी म्हटलं, तुला वाटेल तसं कर. बायको असं म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, हे जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळलेलं नाही. त्याने जायला मला नको होतं. पण माझ्या नोकरीपायी तो इथे आला होता आणि इथे कोमेजला होता. आता कुठल्या तोंडाने थांब म्हणू?

यंदा नागपंचमी नेमकी त्या बँक हॉलिडेच्या सोमवारी आली. सासूबाईंनी फोनवर बजावलं, आज चिरू नको, भाजू नको, जमीन खणू नको. मी पुरणाची दिंडं उकडली, पाटावर नाग काढून पूजा केली आणि नैवेद्यातल्या लाह्या आणि दूध बरोबर घेऊन आम्ही बरेनला सहलीला निघालो. साप दूध पीत नाहीत, हे दरवर्षीचं व्याख्यान गुरूने या वर्षी दिलं नाही.  हा मनाने कधीच गेलाय, असं मला तेव्हाच वाटलं.

गाडीत भार्गवी म्हणाली की बरेनमध्ये स्लो-वर्म नावाचा प्राणी आहे, अगदी सापासारखा दिसतो. कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरून आणून सोडला, असं तिच्या टीचरने सांगितलं होतं.

"म्हणजे इथला नाहीच," गुरू म्हणाला. "तो काय मोजायचा."

बरेन म्हणजे मैलोन् मैल पसरलेला राखाडी कातळ. भेगांतून नेचे आणि जांभळी फुलं वर डोकावतात. ऊन पडलं होतं. बापलेक पुढे गेले आणि मी दिंडांचा डबा उघडायला एका दगडाशी टेकले. तर हाताच्या अंतरावर, उन्हात, तांब्याच्या तारेसारखा चकचकीत साप.

मी ओरडले नाही. पळाले नाही. नजर हलवली नाही. आणि नागपंचमीच्या दिवशी साक्षात दर्शन झाल्यावर आपल्याकडची बाई जे करील तेच माझ्या हातून झालं. हात जोडले गेले. मग हळू आवाजात मी हाक मारली, "गुरू."

तो कातळावरून धावत आला आणि शेवटच्या चार पावलांवर मांजरासारखा हळू झाला. त्याचा तसा चेहरा मी कुचिंग सोडल्यापासून पाहिला नव्हता. तो पोटावर आडवा झाला, कोरी पँट घालून, ओल्या शेवाळात. खूप वेळ बघितल्यावर कुजबुजला, "स्वप्ना, पापणी बघ. मिटतेय. सापाला पापण्या नसतात."

"इट्स अ लिझर्ड, मम," भार्गवी हसू दाबत म्हणाली. "यू प्रेड टू अ लिझर्ड."

तर मी, डॉक्टर बाई, बिनपायाच्या सरड्याला नाग समजून हात जोडून उभी होते. एरवी मी चिडले असते. पण गुरू हसत होता, पोट हलेपर्यंत, आवाज न करता, त्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून. ते बघून माझा बांध फुटला.

"याला कोणीतरी उचलून आणलं," मी म्हटलं. "याला कोणी विचारलंही नसेल. तरी राहिला ना इथे? तूही राहा, गुरू. मला तू इथे हवा आहेस."

भार्गवी एकदम समोरच्या फुलांकडे बघायला लागली.  तो सरडा सावकाश भेगेत शिरला, शेपटी दिसेनाशी झाली, तरी गुरू तिथेच बघत पडून होता.

"आधी का नाही म्हणालीस?" त्याने विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू फक्त कळवलंस."

तो उठून बसला, गुडघे झटकले आणि डब्यातून एक दिंड घेतलं. "उद्या नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. मग भार्गवीला म्हणाला, पुढच्या रविवारी दुर्बीण आण, हा एकटा नसणार.

मी नैवेद्याच्या लाह्या त्या भेगेशी ठेवल्या. सरडे लाह्या खात नाहीत, हे गुरूने लगेच सांगितलं आणि मग किडे, गोगलगायी, अन्नसाखळी असं रीतसर व्याख्यान सुरू केलं. मी हात जोडूनच ते पूर्ण ऐकलं.