सोमवारी कापडांची पेटी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बालमंदिराच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जिल्ह्यातल्या माँटेसरी शिक्षिका जमतात. एकमेकींना पाठ करून दाखवायचे, चुका काढायच्या, स्वतःच्या काढून घ्यायच्या आणि मग शेंगाचटणी-भाकरीचे डबे सोडायचे, असा रिवाज. मल्लव्वाची या मेळाव्यात एकोणीस वर्षं झाली होती. त्यात तिचा एकही शनिवार चुकला नव्हता.

पण या खेपेचा मेळावा सोमवारी आला. पुण्याहून पाठ तपासायला येणाऱ्या येमुल मॅडमना शनिवारी सवड नव्हती. ग्रुपवर निरोप पडला तसा ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा मल्लव्वाच्याच वर्गावर होती. वयानं तिच्या निम्मी, डिप्लोमा केलेली, मनानं सरळ पोर.

"ताई, वाचलं का? सोमवार आहे!"

"वाचलं की."

"मग आता?"

"मग सोमवारी भेटू," मल्लव्वा म्हणाली आणि जपाला बसली.

गोष्ट अशी, की सोमवारी उजाडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मल्लव्वा बोलत नसे. चौदा वर्षांपूर्वी एका सोमवारी तिनं वर्गातल्या एका पोरावर आवाज चढवला होता. रंगाच्या पट्ट्या इकडच्या तिकडं झाल्या, एवढाच त्याचा गुन्हा. पोराची चड्डी उभ्या उभ्या ओली झाली आणि ते तिच्याकडे बघतच राहिलं. त्या संध्याकाळी ती सिद्धेश्वराला गेली, तळ्याकाठी बराच वेळ बसली आणि नेम करूनच उठली. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा आईकडून आलेला नेम होताच. हा दुसरा तिचा स्वतःचा. मुख्याध्यापिका आधी कुरकुरल्या. पुढं त्यांच्याच लक्षात आलं, की सोमवारी वर्गात गलका कमी असतो आणि पाणीही कमी सांडतं. वस्तूंची नावं शिकवायचे पाठ तेवढे मंगळवारवर गेले.

या मेळाव्यात मात्र एक गोष्ट ठरायची होती. नातेपुते-वेळापूरच्या बाजूला शिक्षिकांच्या संघानं बारा नव्या बालवाड्या सुरू केल्या होत्या. तिथल्या बायकांना तीन दिवसांचं शिक्षण देऊन पोरांसमोर उभं केलं होतं. पुढं वर्षभर त्यांच्याकडे जाऊन त्यांना तयार करणारी मार्गदर्शिका येमुल मॅडम निवडणार होत्या. कुणी पसंत पडलं नाही, तर मोबाईलवर व्हिडिओ पाठवू, असंही त्यांनी कळवून ठेवलं होतं.

मल्लव्वानं नातेपुत्याची एक बालवाडी बघितली होती. साहित्याच्या पेट्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पोरं हाताची घडी घालून रांगेत. बाईचा तरी काय दोष? सामान मोडलं तर आपल्यावर येईल, ही तिला धास्ती. ते कुलूप मल्लव्वाच्या डोळ्यापुढून हलत नव्हतं. हे काम आपल्याला पाहिजे, असं तिनं देवापुढं स्पष्ट सांगितलं होतं. ते आपल्याला जमेल का, हे मात्र विचारलं नव्हतं. जमणार, हे तिला माहीत होतं.

सोमवारी ती कपाळाला विभूती लावून, पिशवीत छोटी पाटी टाकून आली. हॉल भरला होता. मागच्या रांगेत बारा नव्या बायका पदर सावरून बसल्या होत्या. पुढं टेबलाशी येमुल मॅडम. जन्म सोलापूरचा, माहेर तेलुगू हातमागवाल्यांचं, पण पुण्यात पंचवीस वर्षं काढलेली बाई. मनगटावर घड्याळ, टेबलावर दुसरं घड्याळ. प्रत्येकीला त्यांनी छापील सूचनांचा कागद दिला आणि चिठ्ठ्यांचा डबा फिरवला.

मल्लव्वाच्या चिठ्ठीवर होतं: कापडांची पेटी, नावासह. वेळ दहा मिनिटं.

ऋतुजानं खांद्यावरून वाचलं आणि कपाळाला हात लावला. पेटी साधीच असते. कापडाचे हातरुमालाएवढे तुकडे, प्रत्येकाची जोडी. मुलानं डोळ्याला पट्टी बांधून नुसत्या बोटांनी जोड्या लावायच्या. इथवर बोलायचं कारण नाही. पण 'नावासह' म्हटलं की पुढं तीन पायऱ्या येतात. आधी बाई नाव सांगते, मग नाव ऐकून मूल तो तुकडा देतं, शेवटी तुकडा बघून मूल नाव सांगतं. पहिल्याच पायरीला बाईचं तोंड लागतं.

"माझी चिठ्ठी घ्या ताई," ऋतुजा कुजबुजली. "पाणी ओतायचा पाठ आहे. शब्दसुद्धा लागत नाही."

शेजारची एक म्हणाली, "नाहीतर बोला की दोन शब्द. मऊ आणि खरखरीत. देव काय पळून चाललाय का?"

"दोन शब्दांसाठी वर्षाचं काम घालवू नका," दुसरी म्हणाली.

मल्लव्वा सगळ्यांकडे बघून हसली. चिठ्ठी बदलण्यात पाप नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ऋतुजाची चिठ्ठी घ्यायला तिनं हात पुढंही केला. तेवढ्यात तिचं लक्ष चटईकडे गेलं. पाठासाठी वर्गातली तीन मुलं आणली होती. त्यांतली चार वर्षांची सोनम फळीपाशी गेली होती, दोन्ही हातांनी कापडांची पेटी उचलून तिनं चटईवर आणून ठेवली होती आणि आता हात धुऊन ते फ्रॉकला पुसत बसली होती.

मल्लव्वानं हात मागं घेतला. पाटीवर लिहिलं: सोनम बसली.

ऋतुजानं वाचलं आणि आपली चिठ्ठी परत मुठीत घेतली. मुलानं आपणहून निवडलेलं काम मोठ्यांच्या सोयीसाठी त्याच्या हातातून काढायचं नसतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मल्लव्वा सोनमच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसली.

मागच्या रांगेतून वेळापूरच्या दगडाबाईनं ऋतुजाला डिवचलं. "ह्या बाई बोलत्यात कवा?"

"बारा वाजता."

"आगं बया! मग आमाला शिकवायच्या कशा? खुणंनं?"

"बघा तर खरं."

मल्लव्वानं वाटीतल्या कोमट पाण्यात बोटांची टोकं बुडवली, टिपली. डोळे मिटून एक तुकडा चाचपला. दुसरा घेतला, अंगठ्याखाली फिरवला, जुळत नाही म्हणून बाजूला ठेवला. तिसरा घेतला. थांबली. मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवून डोळे उघडले आणि सोनमकडे बघितलं. घाई कशाचीच नव्हती. पूजेतलं भस्म लावायला जेवढा वेळ घ्यावा, तेवढा तिनं त्या फडक्याला दिला.

सोनमनं पट्टी मागून घेतली.

पहिल्या खेपेला तिनं सहा जोड्या लावल्या. त्यातली एक चुकली. टॉवेलाचा तुकडा तिनं तसल्याच मऊ फलाटीनच्या तुकड्याला लावला. हॉलमध्ये चार जणींच्या तोंडून "अं हं" निघालं. ऋतुजानं चिमटा बसल्यासारखं अंग आखडलं. मल्लव्वा हलली नाही. तिची नजरसुद्धा त्या तुकड्यावर गेली नाही. सोनमनं पट्टी वर सरकवली, दोन वेगळे रंग बघून खुदकन हसली, तुकडे सोडवले, सगळा ढीग पुन्हा कालवला आणि पट्टी खाली ओढली.

दुसरी खेप. तिसरी. चौथ्या वेळी ती स्वतःशीच पुटपुटायला लागली. टॉवेल गालाला लावला. "मेत्तगा." चादरीचा तुकडा बोटाखाली आला, तेव्हा नाक मुरडलं. "गरुकु."

ते तिच्या घरचे तेलुगू शब्द होते. बाप टॉवेलाच्या कारखान्यात, आजी दारात बसून चादरींच्या काठाच्या दशा वळणारी. टेबलामागं येमुल मॅडमचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"ताई, वेळ संपली. नावं घ्या आता."

मल्लव्वानं मान हलवली. नाही.

"मौनाचं मला सांगितलंय. तुमच्या श्रद्धेचा मान आहे. पण चिठ्ठीवर नावासह लिहिलंय. नाव दिलंच नाही तर पाठ अर्धा राहतो, आणि अर्ध्या पाठाचे गुण मी देऊ शकत नाही."

मल्लव्वानं पुन्हा शांतपणे मान हलवली. गुण जाणार, हे तिला मान्य होतं.

"मग मीच थांबवते," म्हणत मॅडम उठल्या आणि चटईकडे आल्या. त्या वाकून सोनमच्या खांद्याला हात लावणार, तोच मल्लव्वानं तळहात वर केला. हात ना ताठ, ना रागाचा. दारात आलेल्या गाईला थोपवावं तसा.

"मेली आता," कुणीतरी पुटपुटलं.

मल्लव्वानं दुसऱ्या हातानं मॅडमनी दिलेला छापील कागद उचलला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मॅडमना वाचायची गरज नव्हती. ती ओळ त्यांनीच लिहिली होती. काम करणाऱ्या मुलाला कुणीही, कोणत्याही कारणानं अडवू नये.

मॅडम तशाच ओणव्या उभ्या राहिल्या. सोनमला याचा पत्ताच नव्हता. तिची सातवी खेप चालली होती. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, मान तिरकी, बोटं तुकड्यांवरून फिरताहेत.

"चहा आणू का?" दारातून शिपायाचा आवाज आला. तीन जणींनी एकदम हात हलवून त्याला घालवलं.

मॅडम परत टेबलाशी गेल्या नाहीत. साडी सावरून तिथंच खाली बसल्या, मल्लव्वाच्या पलीकडे. थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ त्यांनी पदराखाली घेतलं. बाकीच्यांचे पाठ राहिले, चहा राहिला. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी नीट दिसावं म्हणून उठून पुढं आल्या आणि आवाज न करता टेकल्या. दगडाबाईनं आपल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, वाजू नयेत म्हणून.

मल्लव्वा मनात पंचाक्षरी म्हणत होती. काही मागत नव्हती, नुसती म्हणत होती. तिला ठाऊक होतं, की ही पोर थांबेल तेव्हा थांबेल. बाराच्या आधी थांबली, तर आपण तिच्याकडे बघून हसायचं आणि पेटी जागेवर ठेवायला उठायचं. नाव उद्या मंगळवारी देता येईल, पण नातेपुतं मग मोबाईलवर जाईल. तेही तिनं मनाशी पुरतं मान्य केलं आणि पुन्हा पंचाक्षरीकडे वळली.

बारा वाजले, खाली शिपायानं घंटा दिली. सोनमचं लक्ष गेलं नाही. बारा वाजून चार मिनिटांनी तिनं बारावी खेप पुरी केली, पट्टी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लांब श्वास सोडला. मग टॉवेलाचा तुकडा उचलून तो मल्लव्वापुढं धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मऊ," मल्लव्वा म्हणाली.

सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. आवाज जरा घोगरा निघाला, पण सगळ्या हॉलला ऐकू गेला.

सोनमनं चादर पुढं केली.

"खरखरीत."

मल्लव्वानं दोन्ही तुकडे चटईवर ठेवले. "मऊ दे मला." सोनमनं दिलं. "खरखरीत आजीकडे नेऊन दे." सोनमनं इकडेतिकडे बघितलं, सगळ्यात जवळची आजी म्हणून येमुल मॅडमना चादरीचा तुकडा दिला आणि परत आली. मल्लव्वानं टॉवेल उचलला. "हे कसं आहे?"

"मऊ!" सोनम म्हणाली आणि लगेच मॅडमच्या हातातल्या तुकड्याकडे बोट करून, कुणी न विचारता म्हणाली, "ते खरखरीत. आमच्या घरी गरुकु."

"औनू," मॅडमच्या तोंडून तेलुगूत हो निघून गेलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

तिन्ही पायऱ्यांना मिळून दोन मिनिटंही लागली नव्हती. सोनमनं पेटी उचलली, फळीवर ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेली.

जेवणाआधी मॅडमनी गुणांचा कागद भरला. सगळ्यांपुढं वाचूनच दाखवला. वेळ पाळली नाही, शून्य. चिठ्ठीप्रमाणे नाव वेळेत दिलं नाही, निम्मे गुण. "बाकी रकान्यांत काय लिहू, ते मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी हा पाठ दहा मिनिटांत बसवते. पंचवीस वर्षं बसवतेय. नाव आधी सांगून टाकते आणि मग मुलाला हात लावू देते. आज मला वाटतंय, की मी घाई करत होते." मग वही उघडून विचारलं, "नातेपुत्याला पहिली फेरी कधी ठेवायची मल्लव्वाताई? मंगळवार घालू?"

"सोमवार घाला," मल्लव्वा म्हणाली.

"अहो, बारापर्यंत तुम्ही बोलणार नाही!"

"बारापर्यंत त्यांनी बघू दे की. मग बोलू."

"आन् आमच्याकडं आल्यावर कपाटाची किल्ली?" दगडाबाईनं मागून विचारलं. "ती बी खुणंनं मागणार व्हय?"

"किल्ली तुमी आदल्या दिवशीच तिथल्या शिपायाकडं देऊन टाका," मल्लव्वा तिच्याच बोलीत म्हणाली, आणि हॉल हसला.

दगडाबाई मात्र हसली नाही. बांगड्या खाली सोडत पुढं आली आणि हळूच म्हणाली, "म्या तर रोज कुलूपच घालते बगा ताई. लई भ्या वाटतं. फाडलं पोरांनी एखांदं फडकं तर?"

"फाटू दे. आपण दोघी शिवू."

मल्लव्वानं तिला आपल्या शेजारी चटईवर बसवून घेतलं, डबा सोडला आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. फळीशी सोनम परत आली होती. पेटीला हात लावून ती मल्लव्वाकडे बघत होती.

"घे की," मल्लव्वा म्हणाली.