त्याचं त्यालाच विचारा

डोरीनने वर्गातले दिवे दोनदा बंद-चालू केले, तशी पोरांची कुजबुज थांबली. मग तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘या खोलीत तोंडाने बोलायचं नाही’, पेनाला टोपण लावलं आणि एका मांजराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. शब्द एकही नाही. साठीला टेकलेली, पांढऱ्या आखूड केसांची ती बाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांजर झाली. दबकत ओट्यावर चढली, मासा हुंगला, मालकीण आल्याबरोबर पंजे आवरून साळसूद चेहऱ्याने बसली. गोष्ट संपली आणि तिने बोट पुढे केलं. आता तुम्ही.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शाळेतून नुकती बाहेर पडलेली ही मुलं एरवी पाय पसरून बसायची, तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. आता आपल्याच चेहऱ्याची लाज वाटावी तशी ती एकमेकांना ढकलत होती. खुलान तेवढी उठली. ती मांजर झाली, मासा पळवला, आणि शेवटी माशाचा काटा घशात अडकल्याचं पदरचं घालून मोकळी झाली. डोरीन पोट धरून हसली.

उलानबातरहून येऊन खुलानला दोनच महिने झाले होते. इंग्रजीच्या तासाला ती एक वाक्य मनात जुळवायची, उलटसुलट करून तपासायची आणि तोंड उघडेपर्यंत वर्ग दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. इथे मात्र सगळ्यांचीच पाटी कोरी होती. फक्त तिचीच नव्हती.

तास सुटल्यावर डोरीनने तिला थांबवलं. स्वतः डोरीनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘घरी कुणाला ऐकू येत नाही?’

‘मोठा भाऊ’, खुलानने खाली लिहिलं. लिहिता लिहिता तिला वाटलं, हा विषय घेताना तो आपल्याला कसा आठवला नाही?

खरंच आठवला नव्हता. परदेशी विद्यार्थ्यांची सल्लागार लूर्डेस ताबोरा हिच्या खोलीत विषय ठरवायला बसली, तेव्हा झोरिगदादा तिच्या मनातही नव्हता. लूर्डेस फिलिपिन्सची, कधी काळी ह्याच कॉलेजात शिकायला आलेली आणि मग इथेच राहिलेली. तिने खुलानच्या वडिलांना हवी होती तीच वाट समोर मांडली होती.

"दोन वर्षं आमच्याकडे काढायची, तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात. बिझनेसचे विषय ठरलेलेच आहेत. पण एखादा कलाशाखेचाही घ्यावा लागतो. चित्रकला आहे, तत्त्वज्ञान आहे, जगभरचं संगीत आहे, खुणांची भाषा आहे."

"निबंध कशात लिहावे लागत नाहीत?"

लूर्डेसला हसू आलं. "खुणांच्या भाषेत."

"मग तीच द्या."

बाजारात भाजी निवडावी तशी तिने ती भाषा निवडली होती.

त्या शनिवारी तिने घरी फोन लावला. पडद्यावर नेहमीचं टेबल, दुधाचा खारट चहा, त्याची वाफ. आई ओयून, बाबा दामदिन, आणि कडेला झोरिग. बाबांचे ट्रक चीनच्या हद्दीपर्यंत माल नेत. झोरिग त्यांच्या गोडाऊनमध्ये खोकी चढवायचा-उतरवायचा. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून तेच. त्याच्याशी बोलायला घरात मूठभर खुणा होत्या: जेव, चल, ट्रक आला, पुरे. खुलानला त्याहून थोड्या जास्त यायच्या, कारण लहानपणी दोघं एकाच खोलीत झोपायची.

तिने हात वर करून त्याचं लक्ष वेधलं आणि खुणांनी सांगितलं, "मला नवी बाई आहे. तिला ऐकू येत नाही."

"कमी येतं?"

"अजिबात येत नाही. तुझ्यासारखंच."

"कॉलेजात काय करते? झाडते?"

"शिकवते."

"ऐकू न येणाऱ्या मुलांना."

"नाही. ऐकू येणाऱ्यांना. मला."

झोरिग तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या शाळेतले सगळे मास्तर ऐकणारे होते, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची त्यातल्या बहुतेकांना सवय होती. त्याने हाताने हवा झटकली. "चेष्टा पुरे." आणि चहाचा वाडगा उचलून तो पडद्याबाहेर निघून गेला.

"काय गं, काय झालं त्याला?" बाबांनी विचारलं.

"माझ्या बाईंना ऐकू येत नाही, हे त्याला पटत नाही."

"मला तरी कुठे पटतंय! पोरी, हिशेब शिकायला पाठवलंय तुला. हातवारे इथे घरात फुकट मिळत होते की."

"एक विषय घ्यावाच लागतो, बाबा."

"घे. पण त्याच्या डोक्यात नसतं काही भरवू नकोस. आहे तिथे बरा आहे तो. आपल्या नजरेसमोर आहे."

आईने झोरिगच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि किटली उचलली.

खुलानच्या मनातून ते जाईना. आपण त्याची चेष्टा करतोय असं त्याला वाटावं? पुढच्या तासानंतर ती डोरीनपुढे उभी राहिली. इथल्या खुणा कमी पडल्या तिथे घरच्या घातल्या, तरी अडली तिथे वहीवर लिहिलं. भावाला खरं वाटत नाही. तुम्ही एकदा दिसाल का त्याला?

"शुक्रवारी चार वाजता ये," डोरीनने सांगितलं. "माझ्या खोलीत."

"पण त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तुम्हाला कळणार नाहीत. मी मध्ये राहून सांगेन."

डोरीनने खांदे उडवले. "बघू."

शुक्रवारी इकडे चार वाजले तेव्हा तिकडे शनिवारची सकाळ होती. झोरिग एकटाच टेबलापाशी बसला होता. केस ओले करून विंचरलेले, अंगात सणासुदीचा सदरा. डोरीनने हात हलवून ओळख दिली. त्याने मान डोलावली, पण चेहरा घट्टच. मग टेबलाखाली हात घालून त्याने पातेल्याचं झाकण काढलं आणि फोनला अगदी चिकटवून वर दणकन डाव हाणला.

खुलान खुर्चीतून उडाली. डोरीनची पापणीही लवली नाही. ती झाकणाकडे बघत होती, ह्याचं आता हा काय करणार म्हणून.

झोरिगने झाकण हळूच खाली ठेवलं. पुन्हा डोरीनकडे पाहिलं, या वेळी निराळ्या नजरेने.

पहिले दोन-तीन प्रश्न खुलानने इकडचे तिकडे केले. किती वर्षं शिकवता? मुलं ऐकतात का तुमचं? चौथ्या प्रश्नाला तिने हात उचलला तोवर उत्तर गेलंसुद्धा होतं. दोघांच्या खुणा वेगळ्या होत्या हे खरं. एकाची खूण दुसऱ्याला कळली नाही की तो तीच गोष्ट हवेत चितारून दाखवी. समोरच्याच्या डोळ्यांत ओळख उमटली की दोघांतली जी खूण सोपी ती दोघं उचलत आणि पुढे निघत. बघता बघता हात इतके भरभर चालू लागले की खुलानला ते वेगळे दिसेनात. मध्येच डोरीनने काहीतरी करून दाखवलं, बहुधा कुणा साहेबाची नक्कल, आणि झोरिग हसला. घरात तो ओठांतल्या ओठांत हसे. हे हसणं खोल, खडबडीत, मोठ्याने होतं.

खुलानने पुढे वाकून हात हलवला. "काय म्हणाली?"

डोरीनवरची नजर न काढता झोरिगने तळवा तिच्या दिशेने दोनदा खाली दाबला. नंतर सांगतो.

खुलानचा हात तसाच राहिला. ही खूण इथल्या भाषेतली नव्हती, त्याच्या शाळेतलीही नव्हती. ती तिची होती. नव्या वर्षाच्या सणाला घर भरायचं, टेबलावर मटण भरून उकडलेल्या बूझचा ढीग वाफाळत असायचा, मामा काहीतरी सांगायचा आणि सगळी पंगत खदखदून हसायची. झोरिग कोपराने तिला ढोसायचा, काय झालं? ती हसू आवरत तळवा दाबायची. नंतर सांगते. मग पुढचा किस्सा यायचा, त्यापुढचा यायचा, पाहुणे कोट चढवून निघून जायचे. त्यातला एक तरी किस्सा आपण त्याला नंतर सांगितला का, हे ती आठवून पाहू लागली.

एकही आठवला नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि न कळता बघत बसली.

तो हसण्याचा आवाज ऐकून आई दारात आली होती. ओल्या हातांनी चौकट धरून ती मुलाच्या पाठीकडे बघत होती. तिच्यामागून बाबा आले. अंगात कोट, हातात गोडाऊनच्या किल्ल्या.

"कसला आवाज हा? आणि ही बाई कोण?" ते फोनवर वाकले. "खुलान! काय चाललंय? काय बोलतायत दोघं?"

"मला कळत नाही, बाबा. फार भरभर बोलतायत."

"कळत नाही म्हणजे? मग ते शिकतेस तरी काय तिकडे?"

"खरंच नाही कळत. त्याचं त्यालाच विचारा ना."

बाबा तसेच उभे राहिले. झोरिगला बोलवायचं तर ते पाय आपटत, काम दाखवायचं तर बोट दाखवत. त्याला काही विचारायचं असेल तर ते ओयूनला विचारत, आणि ओयून स्वतःच उत्तर देई. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो वळल्यावर भुवया उंचावून तळवा उघडा केला. काय?

झोरिगचे हात हलले. बाबांनी मान हलवली, नाही कळलं. त्याने पुन्हा केलं, सावकाश. डोरीनकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे. मग हात गुडघ्यापर्यंत खाली नेला, त्या उंचीवर इथे, इथे, आणि इथे. आणि मग दोन्ही हात छातीपासून पुढे, काहीतरी काढून त्या सगळ्यांना देत असल्यासारखे.

"पोरं," बाबा पुटपुटले. "लहान लहान पोरं. त्यांना काय?"

झोरिगने तिसऱ्यांदा केलं. त्याला घाई नव्हती.

"शिकवायचंय म्हणतोय," बाबा ओयूनकडे वळून म्हणाले. "बहिऱ्या पोरांना. ह्या बाईसारखं. असंच म्हणतोय ना?"

"असंच म्हणतोय," आई म्हणाली. "मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं."

गोडाऊन उघडायला उशीर झाला होता. तरी बाबांनी खुर्ची ओढली आणि मुलाच्या शेजारी बसले. डोरीनने पडद्यावरून त्यांना हात केला. काय करावं ते न सुचून त्यांनीही हात वर केला.

सोमवारी खुलान लूर्डेसच्या खोलीत गेली.

"बदलायचाय का विषय?" लूर्डेसने विचारलं. "डोरीन म्हणत होती, दुभाषी व्हायचा अभ्यासक्रम तुला छान जमेल. तोही आहे आपल्याकडे."

"नाही, माझं बिझनेसच राहू दे. मला आकडे आवडतात, आणि बाबांचे हिशेब खरंच वाईट आहेत. मी भावाचं विचारायला आले."

लूर्डेसने सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खोटी आशा दाखवत नाही, सोपं नाहीये. आधी इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, जोडीला इथली खुणांची भाषा. त्यानंतर लहान मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम. कॉलेज दुभाषी देतं, त्याची चिंता नको. व्हिसाचं मात्र माझ्या हातात नाही. आणि सगळं जमलं तरी चार-पाच वर्षं जातील."

"गोडाऊनमध्ये त्याहून जास्त गेलीत."

"बरं. त्याला नेमकं कशात जायचंय? बालवाडी, की मोठी मुलं?"

खुलानने तोंड उघडलं. उत्तर तिच्या ओठांवर होतं, शहाणपणाचं आणि नीट जुळवलेलं. ते तिने गिळलं.

"मला माहीत नाही. गुरुवारी चार वाजता तुम्ही मोकळ्या आहात का? तो सांगेल. डोरीन येतेय. बाबाही असतील बहुतेक. ते मध्ये मध्ये बोलतील, तिकडे लक्ष देऊ नका."

लूर्डेसने कॅलेंडरवर खूण केली. मग स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं, मागच्या मोठ्या खिडकीकडे पाहिलं.

"मी इथेच बसू ना?"

"पाठीमागून उजेड आला तर तुमचा चेहरा काळा दिसेल त्याला."

"मग टेबलच फिरवूया की," लूर्डेस म्हणाली आणि उठली. खुलानने दुसरी बाजू धरली.