पाच वाजताची बाटली

साडेपाचला पोरांना न्यायला त्यांच्या आया येतात, म्हणून पाचपासून आमची धांदल. तोंडं पुसायची, लंगोट बदलायचे, पोटं भरायची. रडकं मूल आईच्या हाती दिलं की पाळणाघराचं नाव गेलंच. बावीस वर्षं मी हेच करत आले आणि नव्या मुलींनाही हेच शिकवलं.

बँकेतल्या बाईनं चार महिन्यांची लेक आणली, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं, "मावशी, माझंच दूध काढून आणलंय, या तीन बाटल्या दिवसभराच्या. चौथी फक्त मला उशीर झाला तर. साडेपाचला मी येऊन पाजणार." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

पाचला पोर जरा कुरकुरली की मी चौथी तोंडात द्यायचे. बाई धापा टाकत यायची, दूध भरून कपड्यांवर ओले डाग पडलेले. लेक ढाराढूर.

"बघा, कशी शहाण्यासारखी झोपलीय," मी मिरवायचे.

"आजही चौथी लागली?"

"भुकेनं कासावीस झाली होती हो."

साफ खोटं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठमोरी बसून पाजायला बघायची. पोर दोन घोट घेऊन तोंड फिरवायची.

दीड महिन्यात चार बाटल्यांच्या तीन झाल्या, मग दोन, त्याही अर्ध्या. मी म्हटलं, नोकरीवाल्या बायकांचं असंच असतं. मग लस द्यायला आलेली नर्स त्या बाटल्या बघून, पाचच्या बाटलीचं माझ्याकडून ऐकून म्हणाली, "मूल ओढेल तेवढं दूध येतं, मावशी. आई यायच्या तोंडावर तुम्ही पोट भरलंत, तर तिचं आटणारच."

त्या दिवशी पाचला मी काही दिलं नाही. पोरीनं पाळणाघर डोक्यावर घेतलं. बाई आली, पदराआड घेतलं. पोर ओढत राहिली, मग किंचाळायला लागली. बाई भिंतीकडे बघत बसली. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. मला रडू यायला हवं होतं, पण आतून काहीच हललं नाही. मी लाळेऱ्यांच्या घड्या घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेबलावर दुधाच्या पावडरचा डबा ठेवला. कपडे कोरडे, केस नीट विंचरलेले.

"मावशी, आता मला धावत यायची गरज नाही," ती म्हणाली. "सातला आले तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले.