स्पर्शबाबांच्या पेटीतला झटका

चपलांचा ढीग दारापासून थेट जिन्यापर्यंत गेला होता. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी माणसं येतच होती. स्पर्शबाबांनी तीन सेल तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले, एकाला जीभसुद्धा लावली.

"एवढ्याशा सेलांनी माणूस उडतो का हो? नाही ना? मग जो उडेल, त्याला मी उडवत नाही. त्याच्या अंगातलं उडवतं!"

सेल लाकडी पेटीत गेले. पेटीच्या दोन पितळी दांड्या आधी सासूबाईंनी धरल्या. काही नाही. मग थोरल्या सुनेनं. काही नाही. मग धाकट्या सुनेच्या हाती दिल्या, आणि ती किंचाळून मागे कोलमडली.

"बाधा!" गर्दी पुटपुटली.

मूल झाल्यापासून ती सारखी रडायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. तेवढं पुरलं. बाबांनी फर्मान काढलं: सात दिवस बंद खोलीत, तान्ह्या लेकीपासून लांब. पेटी तिच्या उशाशी. "बाधेवर माझा पहारा!"

खोली अडगळीची. खिडकीला गज, दाराला बाहेरून कडी. भिंतीपलीकडे लेक रडली की हिच्या अंगावरचं दूध पाझरायचं.

"अहो, एकदा तरी आणा हो तिला."

"कळ काढ थोडी," नवरा बाहेरून म्हणायचा. "मी कुणाकुणाच्या तोंडाला लागू?"

तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. खरंच माझ्यात काही शिरलंय का? दाराच्या कडीपेक्षा ही कडी घट्ट होती.

संतापून तिनं पेटी ढकलली. तळाशी बोटाला एक बटण लागलं आणि आत आवाज झाला, टक्!

ती थबकली. लग्नाआधी सात वर्षं ती कारखान्यात हेच जोडत होती. रिले! वीज मिळताच आतली तारेची गुंडाळी चुंबक होते आणि टक् करून दुसरं बटण ओढते. तिनं जेवणाच्या चमच्याच्या दांडीनं स्क्रू काढले. सेल, रिले, लपवलेलं बटण, गुंडाळीच्या दोन टोकांना जोडलेल्या दांड्या. आणि डायोडची, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या तुकड्याची, जागा रिकामी. कारखान्यात असा रिले टेबलावरून पुढे सरकू देत नसत.

ती आधी हसली, मग ढसाढसा रडली. कोपऱ्यातल्या मोडक्या रेडिओतून तिनं तांदळाच्या दाण्याएवढा डायोड उपटला, गुंडाळीच्या दोन टोकांना पिळून बसवला आणि पेटी होती तशी बंद केली.

सातव्या दिवशी पुन्हा गर्दी. तिनं दांड्या धरल्या. बाबांनी बटण दाबून सोडलं. ती ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म! बाबांच्या कपाळावर घाम आला, पण गडी पक्का.

"गेली! बाधा गेली!"

जयजयकार झाला. जाऊबाई बाळाला घेऊन उठल्या. नुसतं गप्प राहिलं की सुटका. पण पुढच्या रांगेत एक मुलगी आईला बिलगून थरथरत होती. पुढची पाळी तिची होती.

"थांबा," धाकटी म्हणाली. पेटी उलटी करून तिनं पदरातल्या चमच्यानं तळ उघडला आणि डायोड काढला. "सासूबाई, धरा दांड्या."

"मी कशाला?"

"तुम्हाला बाधा नाही ना? मग भीती कसली?"

तिनं बटण दाबलं, सोडलं. "आई गं!" सासूबाई हातभर उडाल्या.

"पेटी बाटवली!" बाबा ओरडले, पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"धावणाऱ्याच्या पायात दोरी आली की तो कसा उसळून पडतो?" ती सांगू लागली. "गुंडाळीतली वीज एकदम तोडली की तशीच उसळी मारते. तीन सेलांची, पण क्षणभर शेकडो व्होल्टची. डायोड असला तर ती आतल्या आत फिरून विरते, नसला तर दांड्यांतून हातात येते. ज्याला उडवायचं, त्याच्याच वेळी बाबा बटण दाबून सोडायचे. बाधा माझ्यात नव्हती, यांच्या अंगठ्यात होती."

जावेनं लेक तिच्या हाती दिली. सात दिवसांनी भेटलेलं बाळ क्षणभर परक्यासारखं बघत राहिलं. तिचे डोळे भरून आले.

"बघा, रडू अजून येतंच आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "बाळंतपणानंतर असं होतं, त्यावर औषध असतं. पेटी उघडायला मला चमचा पुरला. याला डॉक्टर लागेल. आज न्याल का?"

"चल, आत्ताच जाऊ," नवरा म्हणाला. मग गर्दीतून वाट काढत तो तिच्या पुढे चालू लागला.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी झाकण उघडून बघा. आणि घरात कुणी रडत असेल, तर दाराला कडी लावू नका. काय होतंय, ते विचारा.